दोन बगळे

श्रोतेहो, नमस्कार. परक्या मुलखातली कविता आवडली की आपण चटकन म्हणून जातो, 'बघा, माणूस इथूनतिथून सारखाच.' खोटं नाही ते. पण एवढं म्हणून आपण पुढच्या पानावर जातो, आणि कवितेतलं निम्मं तिथंच राहून जातं. तिच्या पहिल्या श्रोत्यांना न सांगता काय ठाऊक होतं, हे आधी विचारावं, असं माझं मत आहे. आज त्यासाठी दोन बगळे घेऊ.

पहिला तमिळ बगळा. संगम काळातला, म्हणजे तमिळ साहित्याच्या अगदी जुन्या काळातला, 'कुरुन्तोगै' हा ४०१ छोट्या कवितांचा संग्रह. त्यात कपिलर नावाच्या कवीची एक कविता आहे. मुलगी मैत्रिणीला सांगते आहे. तिच्या म्हणण्याचा आशय असा: त्याने मला आपलं म्हटलं तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं, तो चोर तेवढा होता. आता तोच फिरला तर मी काय करू? हां, एक बगळा होता. राळ्याच्या धांड्यासारखे बारीक पाय, वाहत्या पाण्यात मासा कधी येतो यावर डोळा.

संपली कविता. साक्षीदार एकच, आणि त्याचं सगळं लक्ष माशात! बिचारी रडते आहे की स्वतःलाच हसते आहे, कळत नाही. आणि तो टपून बसलेला पक्षी बघताना मला तरी तो 'चोर'च आठवतो.

यात कुणाचंही नाव नाही. तसा दंडकच होता: प्रेमाच्या कवितेत नायक-नायिकेचं नाव घ्यायचं नाही. जे सांगायचं ते मुलखाने सांगायचं. डोंगर म्हणजे मीलन, त्याची खूण कुरिंजीचं फूल, तेच बारा वर्षांनी फुलणारं. रान म्हणजे धीराने वाट पाहणं. भातशेती आली की समजायचं, नवरा दुसरीकडे जातो आणि घरात रुसवा आहे. समुद्रकाठी विरहाची काळजी, रखरखीत माळावर ताटातूट. तमिळ श्रोत्याला फुलाचं नाव ऐकताच निम्मी गोष्ट कळायची. आपल्याला मात्र तो नुसता निसर्ग वाटतो.

आता दुसरा बगळा, आपल्या घरचा. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती', म्हणजे गाथा या छोट्या कवितांचा संग्रह, भाषा महाराष्ट्री प्राकृत. तिथं एक तरुणी म्हणते: बघ, कमळाच्या पानावर बगळी कशी निश्चल शोभते आहे, जणू पाचूच्या ताटात ठेवलेली शंखशिंपली. वाचून आपण म्हणू, काय सुंदर वर्णन! पण मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात हीच गाथा घेऊन तिच्या पोटातलं बाहेर काढलं. बगळी हलत नाही, म्हणजे ती घाबरलेली नाही. घाबरलेली नाही, म्हणजे इथं माणसाची चाहूल नाही. म्हणजे भेटायला ही जागा चांगली! किंवा त्याने 'मी येऊन गेलो' असं सांगितलं असेल, तर ही बाई पक्ष्याकडे बोट दाखवून त्याला खोटं पाडते आहे.

दोन्हीकडे पाणवठा, एकांत आणि बगळा. तिकडे मागे राहिलेल्या मुलीची घालमेल, इकडे बोलावण्याचा धीटपणा. दोन्ही परंपरांचे धागे जुळतात, असं काही अभ्यासक मानतात. कुणी कुणाकडून घेतलं, हा वाद त्यांच्याकडेच ठेवू. मला मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची: गाथासप्तशती महाराष्ट्राची खरी, पण मम्मटाचं बोट धरल्याशिवाय तीही आपल्यातल्या बहुतेकांना कळली नसती. परकी कविता म्हणजे फक्त लांबच्या गावची, असं मुळीच नाही.

वाचायचं असेल तर स. आ. जोगळेकरांची सटीक गाथासप्तशती जुन्या ग्रंथालयात विचारा. तमिळ कवितांचे ए. के. रामानुजन यांनी केलेले इंग्रजी अनुवाद १९६७ साली पुस्तकरूपात आले, तेही मिळतात. आणि टीप आधी वाचली तरी चालेल. 'कविता थेट भिडली पाहिजे' म्हणणाऱ्या रसिकांना नाक मुरडू द्या.