चिलटं, पाणी आणि मूळकूज

दिंडोरी तालुक्यातली ही रोपवाटिका. प्रो-ट्रेत, म्हणजे रोपांसाठीच्या खाचांच्या प्लास्टिक ट्रेत, ढोबळी मिरचीची रोपं दोन पानांवर आलीत. मधल्या ट्रेतली काही रोपं बुडाशी पाणचट होऊन आडवी झाली आहेत. ट्रे जरा हलवला की कोकोपीटवरून (ट्रेत भरलेल्या नारळाच्या काथ्याच्या भुशावरून) काळी चिलटं उडतात. पावसाळ्यात नाशिक भागातल्या पॉलिहाऊसमध्ये हे नेहमी दिसतं, आणि पहिला संशय चिलटांवरच जातो: रोपांची मर यांनीच पसरवली का?

चिलटं दोन प्रकारची असतात. फंगस नॅट ही लांब पायांची, डासासारखी नाजूक. तिची अळी पारदर्शक, डोकं मात्र काळं कुळकुळीत. बटाट्याची चकती कोकोपीटवर ठेवा, दोन दिवसांनी उलटून बघा: खालच्या बाजूला अळ्या वळवळताना दिसतील. त्या बुरशी खातात, शेवाळ खातात आणि कोवळी मुळंही कुरतडतात. दुसरी शोअर फ्लाय. ही जरा दणकट, आखूड मिशांची, पंखांवर फिकट ठिपके. ती शेवाळावर जगते, मुळांच्या वाटेला जात नाही.

अशी मर आणि मूळकूज घडवणारी पिथियम बुरशी जाड कवचाचे बीजाणू तयार करते. ते किडीच्या पोटात गेले तरी मरत नाहीत, विष्ठेतून जिवंत बाहेर पडतात. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत काकडीवर फंगस नॅटमार्फत पिथियमची लागण झाल्याचं दिसलं. म्हणजे चिलटं रोग नेऊ शकतात, हे खरं.

पण जिरॅनियम या फुलझाडाच्या रोपांवरचा २००९ चा अभ्यास वेगळंच सांगतो. अळ्यांनी कुरतडलेल्या रोपांत पिथियमची लागण वाढली नाही, उलट कमी झाली. मुळाला जखम झाली की रोग आत शिरतो, हे आपण धरून चालतो. ते दरवेळी खरं ठरत नाही.

मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांची गोष्ट निराळी. ते विषाणू पसरवतात, मूळकूज नाही.

आमच्या मते आधी पाण्याकडे बघायला हवं. पिथियमचे चलबीजाणू पाण्यात पोहतात. ट्रेखाली साचलेलं पाणी, जमिनीवर लोळणारं पाइपाचं तोंड, न धुता पुन्हा भरलेले जुने ट्रे, आजारी रोपं उपटून तसेच निरोगी रोपांना लागलेले हात: रोग पसरायला एवढं पुरेसं आहे. चिलटंही त्याच ओलीवर वाढतात. म्हणून चिलटं आणि मर एकत्र दिसतात, आणि दोष उडणाऱ्याच्या माथी बसतो.

तेव्हा लगेच फवारणीचा पंप उचलू नका. पाणी सकाळी द्या, वरचा थर सुकू द्या, शेवाळ खरवडून काढा. आडवी झालेली रोपं ट्रेसकट बाहेर न्या आणि मगच पुढच्या ओळीला हात लावा. पिवळे चिकट सापळे ट्रेच्या उंचीवर लावून दर आठवड्याला चिलटं मोजा. ओल कमी करूनही आकडा चढत राहिला, तर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध कोकोपीटमध्ये सोडा. ते फंगस नॅटच्या अळ्यांवर चालतं. मोठ्या, उडणाऱ्या चिलटांवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे सापळ्यावरचा आकडा उतरायला थोडे दिवस जातील.