अजगराचे पिल्लू असे का वागते?

मित्रहो, इथे ब्रिटनमध्ये ज्याला रॉयल पायथन आणि अमेरिकेत बॉल पायथन म्हणतात, तो घाना, टोगो, बेनिनकडचा लहान चणीचा अजगर आपल्यापैकी काहींच्या घरी मुलांच्या खोलीत राहतो. त्याचे पिल्लू काही चमत्कारिक करू लागले की आपण माणसाच्या स्वभावावरून अर्थ लावतो : ते रुसले आहे, चिडले आहे, त्याला करमत नाही. माझे म्हणणे असे, की सापाला लागणारी ऊब बाहेरून मिळत असल्यामुळे त्याच्या वागण्याचे कारण आधी थर्मामीटरवर शोधावे, मग कातडीवर, आणि स्वभावाकडे सर्वांत शेवटी वळावे. (भारतातल्या अजगराची मादी अंडी उबवताना स्नायू थरथरवून ऊब निर्माण करते, हा विलक्षण अपवाद, पिल्लाला ते साधत नाही.)

मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतो. एका मराठी कुटुंबाने उशीच्या अभ्र्यात घालून असे एक पिल्लू माझ्याकडे आणले होते. त्याने कित्येक आठवडे अन्नाला तोंड लावले नव्हते, दिवसा ते पाण्याच्या भांड्यात वेटोळे घालून बसे आणि रात्रभर काचेवर नाकाडे घाशी. मुलाला वाटत होते, आपण त्याला आवडत नाही, म्हणून तो त्याला लळा लावण्यासाठी रोज अधिकाधिक वेळ हातात घेत होता. आजींनी मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली होती, आणि खरे सांगतो, सगळ्या उपायांत पिल्लाला सर्वांत कमी त्रास देणारा उपाय तोच होता! मी पिल्लू उताणे केले, तर पोटाचे खवले, जे पांढरे असायला हवेत, ते एका पट्ट्यात गुलाबी झालेले होते. काचपेटीचे तापमान त्यांनी नेमाने लिहून ठेवले होते : ३० अंश. पण तो थर्मामीटर काचेवर, झाकणाजवळ चिकटवलेला होता. पिल्लू जिथे पडून राहत होते तिथल्या जमिनीचे तापमान घरी जाऊन मोजायला सांगितले, तर ते ४१ अंश निघाले. पेटीखालच्या ऊब देणाऱ्या हीट मॅटला तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅटच नव्हता.

आता पिल्लाचे सारे वागणे पुन्हा पाहा. भांड्यात बसणे म्हणजे अंग निववणे, नाक घासणे म्हणजे बाहेर पडायची वाट शोधणे, आणि अशा स्थितीत भक्ष्य गिळणे त्याला परवडणारे नव्हते. साप खालून लागणाऱ्या चटक्यापासून वेळेवर दूर होतोच असे नाही, हे पाळणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे. पिल्लू विकणाऱ्या दुकानाने दिलेल्या माहितीपत्रकात पिल्लाच्या रंगाबद्दल भरभरून लिहिले होते, थर्मोस्टॅटचा मात्र उल्लेखही नव्हता, आणि याचा मला आजही संताप येतो. भाजल्यावर उपचार केले, उबदार कोपरा ३२ अंशांवर आणि थंड बाजू २६ अंशांवर आणली, दोन्हीकडे अंग घासून बसता येईल अशी अरुंद लपण ठेवली आणि हाताळणे पूर्ण थांबवले. पुढे एका रात्री, उंदराचे मेलेले पिल्लू कोमट पाण्यात गरम करून चिमट्याने पुढे धरताच, वरच्या ओठावरच्या उष्णता टिपणाऱ्या खळग्यांनी आपले काम केले आणि त्याने ते झडप घालून घेतले.

कातडीविषयी थोडक्यात. डोळे निळसर-दुधाळ झाले, पिल्लू लपून राहू लागले, फूत्कारू लागले, तर ते बहुधा कात टाकणार आहे. दमटपणा वाढवावा आणि त्याला एकटे सोडावे. कात नसताना पाण्यात बसत असेल, तर हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला मोहरीहून बारीक काळे किडे आहेत का, ते भिंगाने पाहावे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, आणि या भाषणाचा जाहीर केलेला विषय तर मान वाकडी होण्याचा होता. तेव्हा तो आटोपशीर मांडतो. पिल्लू तोंड उघडे ठेवून मान उंचावत असेल, नाकाशी बुडबुडे दिसत असतील, तर तो श्वसनाचा आजार समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मान मागे वळून डोके आभाळाकडे लागत असेल, उताणे केल्यावर सरळ होता येत नसेल, तर अतिउष्णता, कीटकनाशक किंवा विषाणूमुळे मज्जासंस्थेला इजा झालेली असू शकते. असे पिल्लू इतर सापांपासून ताबडतोब वेगळे ठेवावे.

मान वाकडी होण्याचे तिसरे कारण जन्मजात. 'स्पायडर' नावाच्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीच्या वाणात डोके डुलते, भक्ष्यावरची झेप चुकते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वाणाच्या अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका विकृत आढळल्या, म्हणजे तोल सांभाळणारे इंद्रियच सदोष. ही नक्षी आणि हा दोष एकत्रच वारशाने येतात, त्यामुळे निवडक पैदाशीने ते वेगळे करता आलेले नाहीत. इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटी या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांना वाहिलेल्या संस्थेने २०१८ साली आपल्या प्रदर्शनांत या वाणाच्या विक्रीवर बंदी घातली, ती मला सर्वस्वी योग्य वाटते. 'तो खातो, वाढतो, मग बिघडले काय?' असे पैदास करणारे विचारतात. केवळ नक्षीसाठी तोल हिरावलेला जीव जन्माला घालणे मला मान्य नाही. ज्यांच्या घरी असे पिल्लू आधीच आहे त्यांनी त्याची पैदास करू नये, पेटीतल्या उंच फांद्या काढाव्यात, भक्ष्य तोंडाच्या अगदी जवळ धरावे, आणि त्याचे डुलणे अचानक वाढले तर चित्रफीत काढून माझ्यासारख्याला दाखवावी.