शर्यतीआधी मानेवर बर्फाचा पंचा

नमस्कार मंडळी. मे महिना, चाकरमानी आलेत, वाडीवाडीत कबड्डी, क्रिकेट, शर्यती सुरू झाल्यात, म्हणून आज एकच सांगतो, उन्हात धावायच्या आधी अंग थंड करून घ्या. धावून आल्यावर डोक्यावर तांब्या ओततो ते वेगळं, मी आधीचं बोलतोय. आधीचं.

माझ्या भाचीचं ऐका. गेल्या वर्षी आमच्याकडे दहा किलोमीटरची शर्यत होती, सुटायची साडेसहाला, पण पाहुणे उगवले पावणेनऊला, मग सत्कार, नारळ, भाषण, आणि पोरं तोवर उन्हात उभी. सत्कार शर्यतीनंतर ठेवा हो, मी प्रत्येक मंडळाला हात जोडून सांगतो, पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यात वाटलेले टीशर्ट काळे. वारा पडलेला, नुसतं उभं राहून हनुवटीवरून घाम टपटप. पोरगी म्हणाली, मामा, मी धावायच्या आधीच तापलेय. माझी बहीण बंदरावर मासळी विकते, तिच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा होता. तिने पंचा भिजवला, त्यात दोन मुठी चुरा गुंडाळला, पोरीला आंब्याखाली बसवून मानेभोवती टाकला, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत गार पाण्याच्या टोपात. मासळीचा बर्फ पोटात घ्यायचा नाही हां, तो अंगावरच. खायला मी घरून कोकम सरबत आणलं, मीठ-जिरं घातलेलं, फ्रीजरात अर्धवट गोठलेलं, चमच्याने खरवडून खाण्यासारखं. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं, शेजारची म्हातारी विचारते, काय गं, पोरीला ताप आलाय काय? शर्यत सुटली तर ही पहिल्याच किलोमीटरला सुसाट, अंग गार म्हणून जोर आला, मी ओरडलो, अगो हळू! मग लय धरली तिने. खाडीपुलाच्या चढावर दोन धडधाकट पोरगे मटकन बसले, ही तशीच पुढे गेली आणि चौथी आली.

आता हे का होतं, थोडक्यात. धावताना स्नायूंनी खर्चलेल्या शक्तीतली पाऊण तरी नुसती उष्णता होते. घाटावर घाम वाळतो आणि अंग निवतं, आपल्या दमट हवेत तो नुसता गळतो, आणि गळलेल्या घामाने अंग निवत नाही. म्हणून सुरुवातच थोडी खालून करायची, म्हणजे तापायला वेळ लागतो. आणि बर्फच का? एक ग्रॅम बर्फ वितळतानाच 80 कॅलरी उष्णता ओढतो, ते पाणी मग 37 अंशांपर्यंत तापायला आणखी 37. नुसतं गार पाणी फार तर ती 37 तेवढीच घेतं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला अमेरिकेची डीना कॅस्टर मॅरेथॉनआधी बर्फाचं जाकीट घालून वॉर्मअप करत होती, तिला ब्राँझ मिळालं. आपल्याकडे जाकीट नाही, पंचा आहे, आणि कोकम तर घरचं, ते सोडून रंगीत पाण्याच्या बाटल्यांना पैसे का घालतो आपण, मला खरंच वाईट वाटतं.

पुन्हा सांगतो, आधी थंड व्हा, सावलीत, अर्धा तास. शंभर मीटरवाल्यांनी मात्र करू नका, त्यांचे पाय गरमच हवेत. आणि पंचा घेतला म्हणून भर दुपारी धावायचं नाही, चक्कर, मळमळ वाटली की तिथेच थांबा. गोठलेलं सरबत पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी नको, काहींच्या पोटात कळ येते, सरावाला खाऊन बघा. आज रात्री डबा फ्रीजरात ठेवलात तर सकाळपर्यंत दगड होईल, तेव्हा झोपण्याआधी एकदा ढवळा आणि सकाळी तासभर आधी बाहेर काढा.