पिन बसते, मशीन घेत नाही

(दृश्य: देवगडची बाजारपेठ, सकाळ. शटर वर जातं. आत टेबलावर उघडे लॅपटॉप, कोपऱ्यात वायरींचा गुंता, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर.)

मे महिन्याचा दुसरा आठवडा. या दिवसांत देवगडात कुणालाच वेळ नसतो. आंब्याच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो निघालेत, एसटी स्टँडवर चाकरमानी उतरताहेत, आणि या दहा बाय बाराच्या दुकानात एक बागायतदार लॅपटॉप काखेत मारून उभा आहे. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पेट्या थेट पाठवायच्या, त्यांची बिलं काढायची, लेबलं छापायची. लॅपटॉप मात्र चार्ज होत नाही.

"चार्जर नवो घेतलंय," तो सांगतो. "पिन बसता. लाइट लागता. पण बॅटरी काय भरणा नाय."

दुकानाच्या मालकांना अख्खी बाजारपेठ दादा म्हणते. दादा मान वर न करता विचारतात, "स्क्रीनवर काय येता?"

"इंग्लिशमध्ये कायतरी. चार्जर वळखूक येणा नाय म्हणता."

"मगे बरोबर आसा. तेच्या कुळातलो नाय तो."

(दृश्य: चार्जरची पिन, अगदी जवळून.)

ही पिन नीट बघा. बाहेरून गोल पत्रा, त्याच्या आत दुसरा पत्रा, आणि बरोब्बर मधोमध सुईसारखी एक काडी. वीज न्यायला दोन तारा पुरतात, हे आपण शाळेत शिकलो. या चार्जरचे साडेएकोणीस व्होल्टही त्या दोन पत्र्यांवरूनच येतात. मधल्या काडीवरून चालतं ते फक्त बोलणं. चार्जरच्या पोटात मसुराच्या दाण्याएवढी एक चिप बसवलेली असते. चार्जर लावला की लॅपटॉप तिला विचारतो: तू कोण, किती वॅटचा? चिपने कंपनीच्या ठरलेल्या भाषेत उत्तर दिलं तर बॅटरी भरू लागते. उत्तर आलं नाही तर मशीन चालतं, पण मुद्दाम हळू. बॅटरीचं नाव काढायचं नाही.

प्रश्न विचारण्यात तसं गैर काही नाही. नव्वद वॅट ओढणाऱ्या मशीनला पासष्ट वॅटचा चार्जर लावला तर तो तापेल, जळेलही. तेव्हा मशीनने आधी चौकशी केलेली बरी. पण उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं हे कंपनीने स्वतःजवळ ठेवलं, म्हणजे चौकशी वॅटची राहिली नाही, घराण्याची झाली.

आणि कोकणात तर अस्सल चार्जरलाही हे घराणं सिद्ध करता येत नाही. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसा खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो. त्या मधल्या काडीची तार केसासारखी बारीक. पहिली तीच जाते. वीज व्यवस्थित येत असते, पण कंपनीचाच चार्जर कंपनीच्याच लॅपटॉपला परका वाटायला लागतो. दादांच्या म्हणण्याप्रमाणे पावसाळ्यात आठवड्याला एक तरी असा येतो. मग गिऱ्हाइकाने काय करायचं? फोंडा घाट चढून, दाजीपूर-राधानगरी करत कोल्हापूर गाठायचं. तिथे सर्व्हिस सेंटर आहे. एक दिवस मोडायचा, तिप्पट पैसे मोजायचे, आणि तेही त्या मॉडेलचा चार्जर शिल्लक असेल तर.

(दृश्य: दादांच्या दोन तळहातांवर दोन चार्जर.)

कंपन्यांचं एक म्हणणं मात्र दादा उडवून लावत नाहीत. ते माझ्या हातात दोन चार्जर ठेवतात. एक जड, एक पापडासारखा हलका.

"ह्यो हलको तीनशे रुपयाचो. आत फ्यूज नाय, फिल्टर नाय. विजेचो एक झटको आणि खलास. ह्यो मी इकणंय नाय."

म्हणजे धोका खरा आहे. पण तो ओळखायची सोय आपल्याकडे आधीच आहे. 2012 च्या केंद्र सरकारच्या आदेशाखाली पुढे संगणकाच्या अडॅप्टरनाही भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. तुमच्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'आर' ने सुरू होणारा एक नंबर असतो, तो हाच. बागायतदाराच्या नव्या चार्जरवरही तो आहे. सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून पास झालेला माल. पण लॅपटॉपला सरकारी शिक्क्याशी देणंघेणं नाही, त्याला घरचा शिक्का लागतो.

(दृश्य: दुकानाच्या माळ्यावर जुने सीपीयू, धूळ.)

हे पहिल्यापासून असंच होतं का? नव्हतं. माळ्यावर ही जी डबडी पडली आहेत त्यांचा मूळपुरुष 12 ऑगस्ट 1981 ला बाजारात आला, आयबीएमचा पीसी. त्याच्याबरोबर आयबीएमने एक जाडजूड तांत्रिक पुस्तक विकायला काढलं. आत सर्किटचे नकाशे, कुठल्या खाचेत कुठला सिग्नल येतो ते सगळं. जगातल्या कुणीही कार्ड बनवावं आणि त्या खाचेत खुपसावं. लोकांनी बनवली. पीसी घरोघर गेला तो त्या जोरावर.

मग आयबीएमला वाटलं, आपल्या अंगणात सगळे जेवून जातात. 1987 मध्ये त्यांनी नवी खाच आणली आणि ती वापरायची तर परवाना घ्या, पैसे भरा, असं ठरवलं. कॉम्पॅकला पुढे करून नऊ कंपन्या एकत्र आल्या, 1988 मध्ये त्यांनी आपली वेगळी खाच जाहीर केली. आयबीएमची बंद खाच पुढे इतिहासजमा झाली. मला ही गोष्ट फार आवडते, पण तिच्यात एक मेख आहे. आयबीएमला नमवणारे नऊ जण म्हणजे नऊ कारखानदार होते. बागायतदाराच्या मागे कोण आहे?

पुढच्या काळात कुलूप खाचेतून सॉफ्टवेअरमध्ये गेलं. थिंकपॅड लॅपटॉपच्या कितीतरी मॉडेलांत वायफायचं दुसरं कार्ड घातलं की सुरू होतानाच पडद्यावर 1802 हा आकडा यायचा: हे कार्ड अधिकृत नाही, मशीन बंद करा, कार्ड काढा. कार्ड त्याच मापाचं, खाच सगळ्यांची एकच. कारण सांगितलं जायचं रेडिओ लहरींच्या परवान्याचं. दादांना तो आकडा अजून पाठ आहे.

(दृश्य: एक वयस्क गृहस्थ, हातात पिशवी. पिशवीतून प्रिंटर निघतो.)

हे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गावातल्या देवळाच्या पावत्या, भजनाच्या कार्यक्रमाची पत्रकं, कुणाचे अर्ज, सगळं ह्यांच्या प्रिंटरवर निघतं. काल रात्रीपर्यंत प्रिंटर चालत होता. सकाळी म्हणतो, ही कार्ट्रिज चालणार नाही.

"शाई आहे का?" मी विचारतो.

"अर्धी आहे. हलवून बघा."

रात्री प्रिंटर नेटला जोडलेला राहिला आणि त्याने गुपचूप स्वतःचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं. कुठल्या कंपनीचा, ते सोडा. हा प्रकार जगात सगळ्यांच्या नजरेत भरला तो 13 सप्टेंबर 2016 ला. त्या दिवशी एचपीच्या अनेक इंकजेट प्रिंटरांनी एकदमच दुसऱ्या कंपन्यांच्या कार्ट्रिज नाकारल्या. सूचना महिन्यांपूर्वीच प्रिंटरांत जाऊन बसली होती, तारखेची वाट बघत. आरडाओरडा झाला, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, कुलूप काढणारं सॉफ्टवेअर दिलं. कुलपाची कल्पना मात्र सोडली नाही. डिसेंबर 2020 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्याच कंपनीला एक कोटी युरोचा दंड केला, गिऱ्हाइकांना ही अट नीट सांगितली नाही म्हणून.

आता गंमत ऐका. 2022 च्या सुरुवातीला जगभर चिपांचा तुटवडा होता. कॅननला आपल्याच टोनरच्या, म्हणजे कोरड्या शाईच्या, डब्यांवर बसवायला चिपा मिळेनात. मग काय केलं? बिनचिपांचे डबे विकले आणि जर्मनीतल्या गिऱ्हाइकांना कळवलं: प्रिंटर कुरकुर करेल, 'ओके'चं बटण दाबा, छपाई बिघडणार नाही. वर्षानुवर्षं आपल्याला सांगतात की चिपेशिवाय छपाई धड होणार नाही. चिप संपल्यावर कळलं की होते.

मास्तर हे ऐकून हसत नाहीत. ते खुर्चीत बसतात आणि चष्मा पुसतात.

"तुमका खोत म्हायत आसा?" ते विचारतात आणि मग माझ्यासाठी पुस्तकी मराठीत येतात. "आमच्या आजोबांनी दारात फणस लावला. पाणी त्यांनी घातलं, राखण त्यांनी केली. फणस पिकला की पहिला वाटा खोताच्या वाड्यावर. का? तर जमीन त्याची. कूळ म्हणजे वापरणारा, मालक दुसराच."

(दृश्य: खाडीकाठची भातजमीन, बांध, एक जुनं फणसाचं झाड.)

मास्तरांना इतिहास शिकवायची जुनी सवय. अलिबागजवळच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांचा संप ते असा सांगतात, जणू काल झाला. नारायण नागू पाटील पुढारी, 1933 ते 1939, सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, रानातली लाकडं विकून पोटं भरली. सप्टेंबर 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं.

"पण ती जमीन निदान खोताची होती, असं तो म्हणू तरी शकत होता," मास्तर म्हणतात. "हा प्रिंटर मी विकत घेतला आहे. पावती आहे माझ्याकडे."

पावती त्यांनी खरंच पिशवीत आणली आहे.

हाच मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. लेक्समार्क कंपनी टोनरचे डबे स्वस्तात विकायची, अट एवढीच की एकदाच वापरा आणि आम्हालाच परत करा. दुसरे लोक रिकामे डबे गोळा करून, भरून विकायचे. 30 मे 2017 ला न्यायालयाने सांगितलं, वस्तू विकलीत की पेटंटचा तुमचा हक्क तिथेच संपला. त्याआधी याच कंपनीने चिपेतल्या बारक्याशा प्रोग्रामच्या कॉपीराइटवरून दुसऱ्या एका कंपनीला कोर्टात खेचलं होतं. एक प्रोग्राम होता जेमतेम 55 बाइटांचा. एवढ्यात देवनागरीतलं एक लांबसं वाक्यही मावत नाही. तीही केस पुढे कंपनीच्या विरोधात गेली.

कोर्टाने हक्क संपवला, पण चिप कोर्टाचं ऐकत नाही. मास्तरांच्या प्रिंटरला 2017 चा निकाल कुणी कळवलेला नाही.

दादा त्या प्रिंटरपुरता एक मार्ग सुचवतात: जुनं सॉफ्टवेअर परत घालून बघू, जमलं तर जमलं, आणि यापुढे नेट काढून ठेवा. नाहीतर टाकीवाला प्रिंटर घ्या, बाटलीने शाई ओतायची. टाकीवाल्या प्रिंटरांचा उगमही असाच आहे, म्हणतात ते. लोक कार्ट्रिजला भोक पाडून सिरिंजने शाई भरत, बाहेरून नळ्या लावत. शेवटी कंपन्यांनीच टाकी लावून दिली. सिरिंज अजून दादांच्या खणात आहे.

(दृश्य: टेबलावर मोबाइलची टाइप-सी वायर.)

आता सगळे म्हणतात, टाइप-सी आलं, प्रश्न मिटला. युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाइलना ते सक्तीचं झालं, लॅपटॉपसाठी तारीख ठरली 28 एप्रिल 2026. टाइप-सीमध्येही चार्जर आणि मशीन आपसात बोलतात, 2021 च्या सुधारणेनंतर तर 240 वॅटपर्यंतचं बोलणं होऊ शकतं. फरक हा की ती भाषा छापून जाहीर केलेली आहे. कुणीही शिकावी. आपल्याकडे 24 डिसेंबर 2022 ला ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. दादांनी ते मोबाइलवर उघडून पाहिलंय. माहिती आहे त्यावर. मसुराएवढी चिप मिळत नाही.

आणि बागायतदाराचा लॅपटॉप टाइप-सीच्या आधीचा आहे. तो काय फेकून द्यायचा?

(दृश्य: दादा खणातून पत्र्याची एक जुनी डबी काढतात. झाकण उघडतं.)

डबीत कापसावर चिपा आहेत. दहा-बारा असतील. जळालेले, विजेने गेलेले, उंदरांनी कुरतडलेले अस्सल चार्जर लोक इथेच टाकून जातात. दादा ते फोडतात आणि मसुराचा दाणा तेवढा काढून ठेवतात. विजेच्या झटक्यात बाकी सगळं जातं, पण ही बऱ्याचदा वाचते. डबीच्या झाकणावर मार्करने लिहिलंय: 65, 90.

ते नव्या चार्जरची वायर कापतात. मधली काडी असलेली पिन जोडतात, तीन तारा सोलतात. सोल्डरिंगचा धूर उठतो, राळेचा वास येतो. मसुराचा दाणा दोन तारांमध्ये बसतो, वरून नळी, वरून टेप. बागायतदार श्वास रोखून बघतोय. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय, त्याचाच असावा.

पिन आत जाते. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीच्या चित्रावर वीज चमकते. सात टक्के. मग आठ.

"काय सांगतलंस तेका?" बागायतदार विचारतो.

"मेलेल्या चार्जराचा नाव सांगलंय."

पैसे देताना तो थबकतो. "आणि गॅरंटी?"

दादा बाहेर आभाळाकडे बघतात. अजून निरभ्र आहे.

"मिरगापर्यंत."