खांद्यावरचा सचिन

नमस्कार, श्रोतेहो. लॉरियस हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. जगभरातल्या खेळाडूंना दरवर्षी दिले जाणारे हे पुरस्कार. पहिला सोहळा २००० साली मोनॅकोत झाला. नेल्सन मंडेला जातीने हजर होते. जग बदलण्याची ताकद खेळात आहे, असं ते तिथे म्हणाले. नावं सुचवतात क्रीडापत्रकार, आणि विजेता ठरवतात निवृत्त दिग्गज. म्हणजे खेळाडूंनी खेळाडूला दिलेलं बक्षीस. नाहीतर आपले सत्कार! शाल-श्रीफळ देणारा पाऊण तास बोलतो आणि सत्कारमूर्तीला उरतात दोन मिनिटं. असो.

मला सांगायचाय तो २०२० चा, बर्लिनचा किस्सा. लॉरियसला वीस वर्षं झाली म्हणून त्या वर्षी एक खास पुरस्कार होता, वीस वर्षांतला सर्वोत्तम क्रीडाक्षण. आणि हा मात्र दिग्गजांनी नाही, लोकांनी मतं देऊन निवडायचा होता. बोरिस बेकरने नाव पुकारलं: सचिन तेंडुलकर! ट्रॉफी दिली स्टीव्ह वॉने.

क्षण कोणता? २ एप्रिल २०११, वानखेडे, क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, आपण जिंकलेला. गंमत बघा, त्या रात्री सचिनने किती धावा केल्या होत्या? अठरा. फक्त अठरा! मलिंगाच्या चेंडूवर झेल गेला आणि वानखेडे चिडीचूप. पुढे गंभीरने ९७ काढल्या, धोनी नाबाद ९१, शेवटचा तो षटकार, सगळं तुम्हाला पाठ आहे. पण बक्षीस त्या षटकाराला नाही मिळालं. मिळालं त्यानंतरच्या फेरीला. पोरांनी सचिनला खांद्यावर घेतलं, हातात तिरंगा दिला आणि मैदानभर मिरवलं. कोहली तेव्हा बावीस वर्षांचा. तो म्हणाला, एकवीस वर्षं यांनी देशाचं ओझं वाहिलं, आज आम्ही यांना वाहतोय. सहावा विश्वचषक होता तो सचिनचा. अठरा धावा केलेल्या माणसाचा हा क्षण, पुन्हा सांगतो, अठरा धावा!

बर्लिनला सचिन बोलला तो १९८३ च्या विश्वचषक विजयाबद्दल. दहा वर्षांचा होता, सगळे नाचले म्हणून तोही नाचला. मग मंडेलांची आठवण. एकोणिसाव्या वर्षी तो त्यांना भेटला होता.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशाने मतं टाकल्यावर दुसरं कोण जिंकणार? खरंय. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

दिग्गजांच्या मतावरचे पुरस्कार मात्र आपल्याला अवघड जातात. २०१९ मध्ये पुनरागमनाच्या यादीत विनेश फोगट होती, बक्षीस टायगर वुड्सला. २०२२ मध्ये नव्याने चमकलेल्यांच्या यादीत नीरज चोप्राचं नाव होतं, जिंकली टेनिसपटू एमा रादुकानू. आणि खो-खोचं तर नावच नाही! पण ते माझं जुनं दुखणं, त्यावर पुन्हा केव्हातरी. नमस्कार.