टर्बो गाडी, जड क्लच आणि पलासियाचा सिग्नल

मंडळी, मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी आपल्या इंदूरमध्येच राजेंद्र नगरहून विजय नगरला गेलो, पलासियावरून, आणि वाटेत क्लच किती वेळा दाबला ते मोजलं. १८७ वेळा. ज्यांनी टर्बो गाडी रीमॅप करून घेतलीय, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून जोर वाढवून घेतलाय, किंवा ज्यांच्या मनात तसं आहे, त्यांनी हा आकडा आधी लक्षात ठेवा. तगडा क्लच घेताना सगळे विचारतात की किती न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, झेलतो, पण रोज किती वेळा दाबायचाय आणि घरात अजून कोण कोण दाबणार आहे हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं आणि त्याचे पैसे दोनदा मोजले.

माझी गाडी २०१२ ची स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीतून १६० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. सेकंडहँड घेतली, वर्षभरात रीमॅप केलं, टॉर्क ३२० च्या आसपास गेला असं करणाऱ्यानं सांगितलं. पहिले दोन महिने खूप मजा आली, खोटं कशाला बोलू. मग एकदा महेश्वरहून परत येताना मानपूरच्या घाटात, चौथा गिअर, दोन हजार आरपीएम, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर काटा सरळ साडेतीन हजारावर आणि गाडी आहे त्याच स्पीडला. आणि वास. बायको म्हणाली, अहो, कुठे वायर जळतेय का बघा. वायर नव्हती, क्लचप्लेट जळत होती.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या. क्लचला हॉर्सपॉवरशी देणंघेणं नाही, त्याला टॉर्क कळतो. साधं पेट्रोल इंजिन त्याचा पूर्ण टॉर्क चार हजारच्या आसपास देतं, तोपर्यंत हळूहळू चढत जातं. टर्बोवालं दीड हजारावरच सगळा जोर ओततं आणि रीमॅपमध्ये वाढतं तेही बरंचसं तिथेच, खालच्या आरपीएमला, मोठ्या गिअरमध्ये, जिथे आपण रोज असतो. प्लेट सुटायला लागली की काय होतं बघा, मी हिशोब केलाय. समजा क्लच २५० न्यूटन मीटर धरून घसरतोय आणि इंजिन न् गिअरबॉक्समध्ये हजार आरपीएमचा फरक आहे, तर तिथे तयार होणारी उष्णता २६ किलोवॅट. म्हणजे आपल्या बाथरूममधले दोन किलोवॅटचे तेरा गिझर एकाच वेळी चालू, आणि ते सगळं एका जेवणाच्या ताटाएवढ्या प्लेटवर. तापली की पकड अजून कमी होते, म्हणून अजून घसरते. म्हणून एकदा घसरली की पाय लगेच काढायचा, "पुन्हा एकदा बघू" करायचं नाही.

क्लच किती झेलेल हे तीन गोष्टींवर असतं: प्रेशर प्लेटचा स्प्रिंग किती जोरात दाबतो, प्लेटवरचं मटेरियल किती धरतं आणि प्लेट केवढी आहे. साइज फारशी वाढवता येत नाही, तिला त्याच खोबणीत बसायचंय. मग उरल्या दोनच वाटा. स्प्रिंग कडक केला तर पेडल जड होतं, जास्त पकडीचं मटेरियल घातलं तर गाडी उचलताना झटके मारते. बाजारातला जास्त टॉर्क झेलणारा बहुतेक प्रत्येक क्लच या दोघांचं कुठलं तरी मिश्रण आहे, आणि आपल्याला कुठला त्रास परवडतो एवढंच आपण निवडत असतो.

मला एका वर्कशॉपनं सिरॅमिकची सहा तुकड्यांची प्लेट बसवून दिली आणि सोबत सिंगल मास फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्याला चिकटतो ती इंजिनची जड चकती. धरायची जबरदस्त, त्यात वादच नाही. पण तिला हाफ क्लच, म्हणजे पेडल अर्धं सोडून गाडी हळू सरकवणं, हा प्रकारच माहीत नव्हता, एकतर सुटलेली नाहीतर चिकटलेली, मधली जागा पेडलमध्ये एक बोटभर पण नाही. चतुर्थीला आईला खजरान्याच्या गणपतीला घेऊन जात होतो, गर्दी तुम्हाला माहितीच आहे, चार फूट पुढे, थांबा, पुन्हा चार फूट. आईच्या मांडीवर मोदकांचा स्टीलचा डबा होता. तिसऱ्या का चौथ्या झटक्याला झाकण उडालं आणि मोदक सीटखाली. आई काही बोलली नाही, खाली वाकून एकेक उचलत राहिली, आणि पुढच्या वेळी म्हणाली, मी रिक्षानं जाते रे. मला ते अजून लागतं.

फ्लायव्हीलचं वेगळंच. कंपनीचं ड्युअल मास असतं, म्हणजे दोन तुकडे आणि मध्ये स्प्रिंग, इंजिनचे धक्के ते स्प्रिंग पिऊन टाकतात. सिंगल मास म्हणजे एकच लोखंडी चकती, धक्के सरळ गिअरबॉक्समध्ये. न्यूट्रलला उभी असली की आतून डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड, क्लच दाबला की बंद. गाडी खराब नसते, गिअर एकमेकांवर वाजतात एवढंच, पण शेजारी सात महिने विचारत होते, गाडीला काय झालंय?

सात महिन्यांनी परत गिअरबॉक्स उतरवला. आता ऑरगॅनिक प्लेट आहे, सिरॅमिकपेक्षा मऊ पकडीची, मधल्या भागात स्प्रिंगवाली, प्रेशर प्लेट थोडी कडक, आणि फ्लायव्हील नवं पण ड्युअल मासच. ३२० आरामात झेलते. त्याहून फार वर जाणार असाल तर ती पुरणार नाही हेही सांगतो. पिथमपूरच्या नॅट्रॅक्सला, जिथे गाड्यांची चाचणी होते, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तसल्या ठिकाणी एकदा गिअर टाकला की क्लचला कोण विचारतंय, तिथे सिरॅमिक खुशाल घाला. राजवाड्याच्या गर्दीत नको.

नवी प्लेट बसली की पहिले ८०० किलोमीटर फक्त शहरात, शांतपणे. हायवेचे किलोमीटर यात धरू नका, तिथे क्लच दाबलाच जात नाही तर प्लेट घासून नीट जुळणार कशी. आणि सिग्नलला न्यूट्रल करा, पाय काढा. कडक स्प्रिंग दाबून ठेवला की तो सगळा जोर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर आणि तिथून इंजिनच्या आतल्या, क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो, ते गेलं तर क्लचचा खर्च किरकोळ वाटेल. पेडल जड झाल्यावर मास्टर सिलिंडर आणि रबरी पाइपवरही ताण येतो, त्यामुळे फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. ते ब्रेकचंच असतं, एकाच डबीतून जातं, त्यामुळे ब्रेकचंही त्याच वेळी करून घ्या.

माझी मुलगी आता याच गाडीवर शिकतेय. पहिल्या दिवशी पाच वेळा बंद पडली, आठवड्याभरात बाइट, म्हणजे क्लच पकडायला लागतो ती जागा, कुठे येतो ते पायाला कळलं. सिरॅमिकवर ती शिकलीच नसती असं मला वाटतं. आई परत पुढच्या सीटवर बसते.

गाडी बाहेर गेटजवळ लावलीय, चावी माझ्याकडे आहे. क्लच हायड्रॉलिक आहे, इंजिन बंद असलं तरी पेडलचं वजन तेवढंच लागतं, त्यामुळे ज्यांना क्लच घ्यायचाय त्यांनी घरच्यांना पण घेऊन या, एकेकानं बसा आणि वीस वेळा दाबून बघा.