ओळखीतला पेशंट

नमस्कार श्रोतेहो.

2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या तासगाव भागात एक प्रश्न जिथंतिथं कानावर यायचा. बेदाण्याच्या शेडवर, किराणा दुकानापुढं चुन्यानं आखलेल्या चौकोनात उभं असताना, रेशनच्या रांगेत. "सिस्टर, तुमच्या ओळखीत कुणाला झालाय का हो हा कोरोना?" मी तेव्हा आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रावर होते, त्यामुळं मला तर दिवसातून कितीदा तरी विचारायचे. विचारणाऱ्याला माहिती नकोच असायची. मी "अजून तरी नाही" म्हटलं की तो शेजारच्याकडं बघून मान हलवायचा. बघा, सिस्टरच्या ओळखीत नाही, तुमच्या नाही, माझ्या नाही. मग रोग आहे कुठं? टीव्हीत!

आज निवांतपणे याचा हिशोब मांडू. 2011 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या 28 लाखांच्या वर होती. मार्च 2020 संपताना जिल्ह्यात पेशंट होते पंचवीसच्या आसपास. म्हणजे लाखाला एक सुद्धा पुरता नाही. आता आपल्याकडच्या माणसाला घर, भावकी, शिवार सगळं ठाऊक असलेली अशी पाचशे माणसं ओळखीची धरू. तरी अशा दोनशे जणांना विचारलं, तर जेमतेम एकजण म्हणेल की हो, माझ्या ओळखीत आहे. त्यातून ते पंचवीसजण जिल्हाभर विखुरलेले सुद्धा नव्हते. वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरात परदेशातून आलेल्या एका कुटुंबातल्या चौघांपासून सुरुवात झाली, आणि पुढचे बहुतेक त्यांच्याच नात्यातले, संपर्कातले. वाळवा तालुक्याबाहेरच्या माणसाला ते ओळखीचे असणार तरी कसे? ओळखीत कुणी नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. आणि साथीचा स्वभाव असा, की ज्या दिवशी गावात प्रत्येकाच्या ओळखीत एक पेशंट असतो, त्या दिवशी सावध व्हायची वेळ कधीच मागं पडलेली असते. 2021 च्या एप्रिलमध्ये तो प्रश्न मला कुणी विचारला नाही.

ओळख ही आमच्या खात्याच्या कामाचीच गोष्ट होती. पेशंट सापडला की त्याच्या संपर्कातल्यांची यादी करायची. ताप यायच्या आधीच्या दोन दिवसांपासून कोण कोण भेटलं, हे विचारायचं. दोन दिवस आधीपासून अशासाठी, की हा विषाणू लक्षणं दिसायच्या आधीच बाहेर पडायला लागतो. माणूस ठणठणीत असतो, पारावर बसून गप्पा मारतो, आणि देत असतो. जवळून, बराच वेळ बोललेला तो जास्त धोक्याचा संपर्क. लांबून रामराम घातलेला, तो कमी धोक्याचा.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणूस चुलत्याचं नाव सांगतो, दुकानदाराचं सांगतो, आणि ज्याच्याबरोबर रात्री शेडवर पत्ते कुटले त्याचं नेमकं विसरतो. एकानं मला सासरवाडीची अख्खी यादी दिली, म्हातारी आजेसासू सुद्धा सोडली नाही, पण घरातल्या कुणाचं नाव नाही. सासरवाडीवर जुना राग असावा.

लपवण्यात नुसती लबाडी होती असं मी म्हणणार नाही. नाव दिलं की त्या घरावर काय येतंय, हे लोक डोळ्यांनी बघत होते. मार्चमध्ये बाहेरून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. पुढं मे महिन्यात मुंबईहून माणसं आली, खानापूर-आटपाडीकडचे सोन्याचांदीचे गलाईवाले देशभरातून परतले. गावोगावच्या शाळांत त्यांना चौदा दिवस ठेवलं. काही ठिकाणी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवला होता. ही आपलीच पोरं बरं का. यात्रेला त्यांचीच वर्गणी सगळ्यात मोठी लागते.

सरकारी बातमीत पेशंटचं नाव नसायचं. अमुक गावचा पंचेचाळीस वर्षांचा पुरुष, एवढंच. पण आमच्यासारख्या गावात एवढं पुरेसं होतं. अर्ध्या तासात नाव, आडनाव, भावकी आणि तो शेवटचा कुठं जेवला, हे सगळं मोबाइलवर फिरायचं. पेशंटला स्वतःला रिपोर्ट कळायच्या आधी गावाला कळलेलं मी पाहिलंय. मग त्याला फोन यायचे. "कसं हाय आता?" असं विचारायला फार थोडे. बाकीच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "मंगळवारी आपण भेटलो होतो, तेव्हा तुम्हाला काही होत नव्हतं ना?"

हे विचारणं मी वाईट मानत नाही. माणसाला स्वतःचं आणि घरच्या म्हाताऱ्याचं भय आधी वाटणारच. शिवाय तो प्रश्न बरोबरच आहे, आम्ही तोच विचारत होतो. प्रश्न एवढाच, की त्यानंतर फोनवर तुम्ही पुढं काय बोलता.

आमच्या भागातल्या एका तात्यांची हकिगत सांगते. बाग आहे, दोन म्हशी आहेत, वस्तीवर राहतात. मुलगा पुण्यात. दुसऱ्या लाटेत तात्यांना ताप आला, तपासणी पॉझिटिव्ह आली. लक्षणं साधी होती म्हणून घरीच ठेवलं. वेगळी खोली, वेगळं ताट, औषधं, ऑक्सिमीटर, सगळं झालं. आशाताई रोज फोनवर विचारून वहीत लिहायच्या. ताप किती, ऑक्सिजन किती, खोकला आहे का. तात्या रोज सांगायचे, "झ्याक हाय." वहीत तसंच लागायचं.

त्यांचे एक दोस्त आहेत, बापू. बांधाला बांध. दोघांची वर्षानुवर्षं भांडणं आणि वर्षानुवर्षं एकत्र चहा. बापू रोज संध्याकाळी तात्यांना फोन करायचे. आजारपणाचं नावसुद्धा काढायचे नाहीत. बेदाण्याचा दर, पाण्याची पाळी, कुणाची बोअर आटली, असलं काहीतरी. एका संध्याकाळी बापूंचा मला फोन आला. म्हणाले, "सिस्टर, तात्याचं काहीतरी बिघडलंय. मी बेदाण्याचा दर मुद्दाम खोटा, पाडून सांगितला आणि तो नुसतं हं म्हणाला."

मी गेले. तात्या कॉटवर बसलेले. हसले सुद्धा. पण एका दमात तीन-चार शब्दांच्या पुढं वाक्य जात नव्हतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला, 93. खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालायला सांगितलं होतं, चौथ्या मिनिटालाच थांबवलं; 87 दाखवत होता. आणि तात्या म्हणतायत, "मला तर काय वाटत न्हाय."

ते खोटं बोलत नव्हते. आपल्याला दम लागल्यासारखं वाटतं ते मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला की. या आजारात सुरुवातीला तो नीट बाहेर पडत राहतो, म्हणून ऑक्सिजन घसरला तरी आतून घंटा वाजत नाही. आणि घसरण बहुधा आजाराच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात व्हायची, जेव्हा ताप उतरलेला असतो आणि घरचे निर्धास्त झालेले असतात. म्हणून त्या काळात आम्ही सांगायचो की आकडा 94 च्या खाली गेला, किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी पडला, तर वाट बघायची नाही. 108 ला फोन केला. तात्यांना मिरजेला खाट मिळाली, ऑक्सिजन लागला, पालथं झोपवलं. त्या दिवसांत खाट मिळणं म्हणजे काय होतं, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. इंजेक्शनासाठी सगळ्या जिल्ह्यात रात्र-रात्र फिरणारे नातेवाईक आठवतात. त्या रेमडेसिव्हिरनं मृत्यू टळतात असा पुरावा हाती नव्हता; जागतिक आरोग्य संघटनेनं ते सरसकट देऊ नका असं 2020 च्या नोव्हेंबरातच सांगितलं होतं. पण त्या रात्री कुणाला ते ऐकू येणार?

तात्या वाचले. आशाताईंची वही चुकली असं मी म्हणणार नाही. वहीत जे विचारायचं होतं ते त्यांनी रोज विचारलं. पण बेदाण्याचा दर पाडल्यावर तात्या किती वेळ शिव्या देतात, हे वहीला कुठून माहीत असणार? ते ओळखीच्याच माणसाला कळतं. म्हणून पुढच्या प्रत्येक घरी मी सांगायला लागले की पेशंटला "कसं वाटतंय" विचारू नका, त्याला बोलतं करा. ज्या विषयावर तो तावातावानं बोलतो तो काढा, आणि मध्ये श्वासाला किती थांबतोय ते ऐका. आकडा विचारलात तर कोणत्या बोटाला लावला, हात गार होते का, तेही विचारा. बायकांना सांगायचे, नेलपेंट पुसून लावा.

आता दुधाची गोष्ट. तात्या दवाखान्यात, काकू घरात अलग. म्हशींना हे कोण सांगणार? धार तर दोन्ही वेळेला काढावीच लागते. बापूंच्या सुनेनं काढली. पण डेअरीवर त्या घरचं दूध घेईनात. दूध तापवल्यावर त्यात हा विषाणू टिकत नाही, आणि म्हशीला हात लावला तो पेशंटनं नाही, हे मी सांगून पाहिलं. "तुमचं बरोबर आहे सिस्टर, पण लोक काय म्हणतील?" इथं माझं शिक्षण संपलं. बापूंनी तात्यांचं दूध सरळ स्वतःच्या खात्यावर घातलं आणि पैसे काकूंच्या उंबऱ्यावर ठेवले. लिटरचा हिशोब मात्र भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता, कारण पुढं भांडण व्हायचंच होतं. झालंही.

तात्या घरी आल्यावर वस्तीवरच्या लोकांनी निगेटिव्ह रिपोर्ट मागितला. हा त्या काळातला सगळ्यात छळणारा कागद. 8 मे 2020 ला केंद्राचा नियमच बदलला होता. सौम्य पेशंटला दहा दिवस झाले, शेवटचे तीन दिवस ताप नाही, तर पुन्हा तपासणीची गरज नाही. कारण आरटीपीसीआर ही तपासणी विषाणूचे मेलेले तुकडे सुद्धा पकडते. माणूस कुणाला लागण द्यायच्या अवस्थेत नसतो आणि रिपोर्ट आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. तात्यांसारख्या ऑक्सिजनवर राहिलेल्यांना डॉक्टर पूर्ण तपासून, ऑक्सिजन स्थिर झाल्यावर सोडायचे. त्यामुळं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड हाच खरा कागद. पण वस्तीला "निगेटिव्ह" हा शब्द छापलेला हवा होता. त्यासाठी बरी झालेली किती माणसं खासगी लॅबमध्ये पैसे भरून आली असतील! आणि त्यातल्या कुणाचा चुकून पॉझिटिव्ह आला, की पुन्हा नव्यानं सगळं.

माझी आजी प्लेगच्या, मानमोडीच्या ऐकीव गोष्टी सांगायची. 1918 च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडं मानमोडी म्हणत. प्लेगमध्ये घरात उंदीर पडला की अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहायचं. अलग राहणं आपल्या लोकांना नवीन नव्हतं. पण तेव्हा गाव मिळून बाहेर पडायचं, आणि आपण एका घराला बाहेर काढत होतो. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या पेशंटांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या, 10 मार्चला. आजारी मुलाला त्यांनी पाठीवर टाकून दवाखान्यात आणलं होतं. तेवढं धाडस मी कुणाकडं मागत नाही. दुसऱ्याचं दूध आपल्या खात्यावर घालायला पाठीवर कुणाला घ्यावं लागत नाही.

कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 5 मे 2023 ला जाहीर केलं. मीही नंतर निवृत्त झाले. पण नाव फुटायची भीती काही कोरोनाबरोबर गेली नाही. नोकरीच्या शेवटच्या काळात एक बाई आल्या, क्षयरोगाचं निदान झालेल्या. सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारकडून मोफत. त्यांचं एकच म्हणणं होतं: गोळ्या आमच्या गावच्या उपकेंद्रातून नकोत, दुसऱ्या गावातून द्या. वाटेत कुणी विचारलं तर बहिणीकडं चालले म्हणता येईल. तशी सोय केली. नवरा आणि सासू सोडून घरात कुणाला सांगितलेलं नाही, असंही बजावलं.

महिनाभरानं मला एक फोन आला. त्यांच्या जाऊबाई. आवाज अगदी बारीक केलेला. म्हणाल्या, "सिस्टर, एका बाईंचं विचारायचं होतं. नाव नका विचारू. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते, ते चालतं ना? त्या घाबरल्यात आणि गोळ्या थांबवायच्या म्हणतायत."

मी म्हटलं, चालतं, तो औषधाचाच रंग आहे, गोळी एक दिवस सुद्धा चुकवायची नाही. "मग मी बघते," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

नमस्कार.